सर्व्हर चालू आहे, मग शेजारच्या मशीनला का सापडत नाही?

मागच्या भागात आपण एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस बसवला. त्यावर बहुतेकांचा प्रश्न एकच आला: सर्व्हरवर सगळं उघडतं, पण दुसऱ्या कॉम्प्युटरवरून जोडणी होत नाही. व्हिडिओत मी स्क्रीन दाखवली होती, इथे तेच शब्दांत सांगतो.

आमच्या तिरुवैयारूतच हे घडलं. जानेवारी, त्यागराज आराधनेचे दिवस, कावेरीकाठी ही गर्दी. ओळखीच्या औषध दुकानदाराने नेमकं तेव्हाच दुसरं काउंटर मांडलं आणि नव्या मशीनवर बिल निघेना. "मेजर सार, सर्व्हर ठीक आहे, त्याच्यावर बिल निघतंय," हे त्याचं पालुपद.

गोम इथेच आहे. एकाच मशीनवर प्रोग्रॅम आणि सर्व्हर असले की ते सहसा 'शेअर्ड मेमरी'तून बोलतात. त्यात नेटवर्क येतच नाही. म्हणजे सर्व्हरवर बिल निघालं, यावरून नेटवर्कबद्दल काहीच कळत नाही. बाहेरून यायला 'टीसीपी/आयपी' लागतो, आणि एक्सप्रेस बसवताना तो बंदच असतो. तिसरा 'नेम्ड पाइप्स'. छोट्या दुकानाला त्याची गरज नाही, बंदच राहू द्या.

आधी आलेल्या तंत्रज्ञाने काय केलं होतं? फायरवॉल पूर्ण बंद, आणि राउटरवर १४३३ हा पोर्ट इंटरनेटसाठी उघडा. तरी बिल नाहीच, कारण टीसीपी कोणी चालू केलाच नव्हता. त्या एका चुकीनेच दुकान वाचलं. मी टीसीपी चालू करून तोच पोर्ट दिला असता, तर त्या क्षणी उधारी, साठा, मुदतीच्या तारखा, सगळं जगासमोर! बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा. म्हणून पहिलं काम राउटरवरचा तो नियम काढणं, दुसरं बॅकअप.

मग 'कॉन्फिगरेशन मॅनेजर' उघडा. नेटवर्क कॉन्फिगरेशनमध्ये आपल्या इन्स्टन्सचे प्रोटोकॉल दिसतात. टीसीपी/आयपी 'एनेबल' करा. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'आयपी अ‍ॅड्रेसेस' टॅबवर अगदी खाली 'आयपी ऑल' आहे. तिथे 'डायनॅमिक पोर्ट्स' रिकामं करा, शून्यसुद्धा ठेवू नका, आणि 'टीसीपी पोर्ट'मध्ये १४३३ लिहा. सर्व्हिस रीस्टार्ट केल्याशिवाय यातलं काहीही लागू होत नाही. हे विसरून मी स्वतः एकदा अर्धा तास घालवलाय. इन्फन्ट्रीचा माणूस, सिग्नल्सचा नव्हे.

पोर्ट पक्का का करायचा? नाव दिलेला इन्स्टन्स एरवी मिळेल तो पोर्ट घेतो आणि तो कुठे आहे हे 'ब्राउझर' सर्व्हिस यूडीपी १४३४ वर सांगते. पोर्ट ठरलेला असला की ब्राउझरची गरजच उरत नाही. दुसऱ्या मशीनवर सर्व्हरचा आयपी पत्ता, स्वल्पविराम आणि १४३३ एवढं लिहायचं. स्वल्पविरामच, अपूर्णविराम नाही. तो आयपी मात्र राउटरमध्ये कायमचा करून घ्या.

तो १४३४ साधासुधा नाही. २५ जानेवारी २००३ ला 'स्लॅमर' नावाचा वर्म त्याच पोर्टमधून शिरला. आकार ३७६ बाइट. दहा मिनिटांत जगातले बहुतेक असुरक्षित सर्व्हर त्याने गाठले, सुमारे ७५ हजार. दुरुस्ती जुलै २००२ मध्येच आली होती, लोकांनी बसवली नव्हती.

शेवटी फायरवॉल. ती परत चालू केली आणि १४३३ साठी एकच इनबाउंड नियम लिहिला. 'स्कोप'मध्ये फक्त नव्या काउंटरच्या मशीनचा आयपी. सर्व्हरवरूनच टीसीपी तपासायचा असेल तर सर्व्हरच्या नावाआधी 'टीसीपी' आणि अपूर्णविराम लिहा, म्हणजे शेअर्ड मेमरीची पळवाट बंद होते. तिथे जोडणी झाली आणि दुसऱ्या मशीनवरून झाली नाही, तर सर्व्हर सोडा; फायरवॉल, केबल आणि टाइप केलेला पत्ता बघा.

आमच्याकडे पत्त्यात एक आकडा चुकला होता. तो सुधारला आणि नव्या काउंटरवरून बिल निघालं.