विश्लेषण : रामाळ्यापासून वैनगंगेपर्यंत… एकट्याने, बिनघाईचा एक दिवस कसा घालवाल?

ताडोबाला येणारा पर्यटक सफारीची वेळ गाठतो आणि वाघ दिसला की परतीला लागतो. चंद्रपूर शहर, मूल, सावली आणि पुढे वैनगंगा त्याच्या यादीत नसतेच. चंद्रपूर ते गडचिरोली हे अंतर सुमारे ८० किलोमीटर. थेट एसटीने गेलात तर दोन-अडीच तासांचा प्रवास. उतरत, थांबत गेलात तर मात्र अख्खा दिवस हवा.

सुरुवात कुठून?

सकाळी रामाळा तलावावर. हा तलाव गोंड राजांच्या काळातला. सांडपाणी आणि जलपर्णीमुळे त्याची पार रया गेली होती. २०२१ मध्ये ‘इको-प्रो’चे बंडू धोतरे यांनी तलावासाठी उपोषण केले, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. याच संस्थेच्या तरुणांनी २०१७ पासून शहराच्या परकोटावरची झुडपे आणि कचरा काढला. तिथून अंचलेश्वर दरवाजा गाठा. राणी हिराईने बांधलेली बीरशहाची समाधी याच भागात आहे. गर्दी नसते, तासभर सहज जातो.

वाटेत इतके तलाव का?

मूलच्या दिशेने निघालात की खिडकीतून तलाव आणि बोड्या दिसत राहतात. पूर्व विदर्भात पाऊस भरपूर, पण धानाला तो हव्या त्या आठवड्यात पडेलच असे नाही. म्हणून उताराला पाळ घालून पाणी अडवायचे आणि खालच्या बांध्यांना सोडायचे. मालगुजारांच्या ताब्यातले हे तलाव १९५० च्या कायद्यानंतर सरकारकडे गेले आणि ‘माजी मालगुजारी’चे झाले ‘मामा’ तलाव. नाव गमतीदार असले, तरी गाळ, अतिक्रमण आणि फुटक्या पाळी ही त्यांची आजची अवस्था गमतीची नाही. धानाचे सिंचन आणि ढिवर समाजाची मासेमारी, दोन्ही त्यांच्यावरच अवलंबून आहेत.

सावलीला थांबाच. खादीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन झाले आणि स्वतः गांधीजी त्याला हजर होते. आज बसस्थानकावर उतरणाऱ्याला याची कल्पनाही येत नाही.

नदी कुठे भेटते?

सावली तालुक्यातले व्याहाड सोडले की वैनगंगेचा पूल लागतो. मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातून आलेली ही नदी इथे दोन जिल्ह्यांची सीमा आहे. १९८२ पर्यंत मात्र दोन्ही काठ एकाच चंद्रपूर जिल्ह्यात होते. खानावळीत नदीचे झिंगे असतील, तर भाताबरोबर मागवा.

दुपारनंतर गडचिरोलीहून चामोर्शी आणि तिथून जवळच मार्कंडा. दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा इथे वळण घेऊन उत्तरवाहिनी होते, म्हणून महाशिवरात्रीला काठावर मोठी जत्रा भरते. एरवी घाट रिकामा असतो. मंदिरांवरचे शिल्पकाम इतके बारीक आहे की ‘विदर्भाचे खजुराहो’ हे बिरूद उसने वाटते. मार्कंड्याला त्याची गरज नाही. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७० च्या दशकात या मंदिरांची नोंद केली. मुख्य मंदिराचा जीर्णोद्धार मात्र वर्षानुवर्षे रेंगाळला. उन्हे कलताना वाळूवर बसा. खरा दिवस इथेच सापडतो.

एकट्याने जाताना काय पाहावे?

परतीच्या शेवटच्या बसची वेळ चामोर्शीतच विचारून घ्या. मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या पट्ट्यात वाघ अभयारण्यापुरता राहिलेला नाही. सरपणाला, मोहफुलांना गेलेली माणसे त्याने मारली आहेत. अंधार पडल्यावर दुचाकीने जंगलातून जाण्याचे धाडस नको. पावसाळाही टाळा. गोसीखुर्दचे दरवाजे उघडले की नदीकाठचे रस्ते बंद होतात. २०२० च्या पुरात वडसा, ब्रह्मपुरी भागातल्या गावांनी ते सोसले आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. सुरुवातीला शेतात धानाचे पुंजणे उभे असतात. उशीर झालाच, तर मुक्काम गडचिरोलीत करा आणि चंद्रपूरची बस सकाळी पकडा.