कांचेच्या समुद्रांतील भांडखोर कोळंबी

कळंबला चक्रावती नदी आहे, चिंतामणीचें कुंड आहे; परंतु समुद्र नाहीं. सरळ रेषेंत मोजला तरी तो आमच्यापासून सुमारें ६०० किलोमीटर दूर आहे. अशा गांवीं घरांत खाऱ्या पाण्याचें मत्स्यपात्र ठेवावें हें कित्येकांस वेडेपणाचें वाटेल. हौसेला मोल नसतें, एवढेंच आमचें त्यावर उत्तर. त्या हौसेपायीं जें शिकावयास मिळालें तें विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगण्याचा आज विचार आहे.

आमच्या पात्रांत कोंकणच्या किनाऱ्यावरून आणलेला, कालवांचीं शिंपलीं चिकटलेला एक सच्छिद्र दगड होता. एके रात्रीं सर्वत्र सामसूम झाल्यावर पात्राच्या दिशेनें ‘टक्’ असा आवाज आला. कांचेस तडा गेला असें समजून आम्ही दिवा घेऊन धांवलों. वडील मंडळींनीं खालीं पसरण्यास गोणपाटहि आणलें. कांच शाबूत होती. दुसऱ्या रात्रीं पुन्हां तोच प्रकार. आठ दिवसांत दोन लहान मासे नाहींसे झाले, तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं दगडाबरोबर त्यांतला भाडेकरूहि घरीं आला आहे.

हा भाडेकरू म्हणजे एक प्रकारची कोळंबी. इंग्रजींत तिला पिस्तुलावरून नांव दिलेलें आहे. आम्ही तिला चुटकी-कोळंबी म्हणूं. लांबी बहुधा तीन-चार सेंटिमीटर. दोन नांग्यांपैकीं एक साधी व दुसरी अवाढव्य, कधीं कधीं निम्म्या शरीराएवढी. मोठ्या नांगीच्या एका बोटास खुंटी असते व दुसऱ्या बोटांत तिच्या मापाची खोबण. नांगी मिटतांच खुंटी खोबणींत घुसते आणि तेथलें पाणी पिचकारीसारखें बाहेर उडतें. त्याचा वेग इतका असतो कीं पाण्याचा दाब एकाएकीं उतरून तेथें एक बुडबुडा उत्पन्न होतो, व सभोंवारच्या दाबानें तो तत्क्षणीं चेपला जातो. आवाज नांगी आपटल्याचा असावा असेंच पूर्वीं समजत. इ. स. २००० मध्यें शास्त्रज्ञांनीं अतिवेगवान छायाचित्रें घेऊन सिद्ध केलें कीं आवाज नांगीचा नव्हे, चेपणाऱ्या बुडबुड्याचा आहे. पुढच्याच वर्षीं असें आढळलें कीं त्या क्षणीं डोळ्यांस न दिसणारा क्षीण प्रकाशहि पडतो, व बुडबुड्याच्या आंत निदान ५००० केल्विन इतकें तपमान असतें. सूर्याच्या पृष्ठभागाचें तपमान ५८०० केल्विनच्या जवळपास आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे करंगळीपेक्षांहि लहान अशा ह्या जीवाकडे पाहण्याची दृष्टि बदलते. लहान मासा वा खेकडा ह्या तडाख्यानें बधिर होतो, आणि मग त्यास बिळांत ओढून नेणें सोपें जातें. दुसऱ्या महायुद्धांत पाणबुड्यांचा कानोसा घेणाऱ्या यंत्रांना उष्ण समुद्रांतील ह्या कोळंब्यांच्या कडकडाटाचा मोठा उपद्रव होई. मोठी नांगी तुटली तरी हिचें अडत नाहीं. उरलेली लहान नांगी कात टाकतां टाकतां मोठी होते व तुटलेल्या जागीं लहान फुटते!

आतां हिचें करावयाचें काय? घरांत एक मत असें पडलें कीं दगड उकळत्या पाण्यांत टाकून मोकळें व्हावें. आम्हांस तें पटलें नाहीं. तिनें आमच्याकडे येण्याची विनंति केली नव्हती. आणि बिळांत दडणें व दारीं आलेल्यास मारणें हा तिचा दुर्गुण नसून निर्वाहाचा मार्ग आहे. चूक, तिला लहान माशांच्या शेजारीं आणून बसविणाऱ्या आमची होती. म्हणून दिवे मालवून, विजेरीस तांबडा कागद लावून आम्ही पाळत ठेवली. बिळाच्या तोंडाशीं माशाचा तुकडा घातलेली अरुंद तोंडाची बाटली आडवी ठेवली. पांचव्या रात्रीं ती आंत शिरली. हातानें मात्र धरूं नये.

तिच्यासाठीं निराळें पात्र मांडलें. पण पात्र मांडणें म्हणजे पाणी भरणें नव्हे. किराणा दुकानांतील मीठ ह्या कामीं चालत नाहीं, कारण समुद्राच्या पाण्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादि क्षारहि असतात. त्यासाठीं तयार सागरी मीठ मिळतें, तें शुद्ध केलेल्या पाण्यांत लिटरास सुमारें ३५ ग्रॅम ह्या प्रमाणांत विरघळवावें. प्राण्यांच्या मलमूत्रांतून अमोनिया हें विष उत्पन्न होतें. त्याचें निवारण करणारे सूक्ष्म जंतु वाळूंत व दगडांत वाढावयास कित्येक आठवडे लागतात. तोंवर पात्र रिकामें ठेवण्याचा धीर ज्यास नाहीं त्यानें ह्या वाटेस जाऊं नये.

खरी परीक्षा उन्हाळ्यांत. वैशाखांत आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पात्रांतील पाणी २५-२६ अंशांच्या आसपास हवें. पाणी तापलें कीं त्यांतला प्राणवायु कमी होतो. माठांतील पाणी ज्या कारणानें गार होतें त्याच कारणानें पाण्यावर पंखा सोडल्यास तेंहि गार होतें. परंतु उडून जातें तें केवळ पाणी, मीठ मागेंच राहतें. तेव्हां रोजची तूट गोड्या पाण्यानेंच भरावी. पहिल्या वर्षीं आम्हीं ती मिठाच्या पाण्यानें भरली व खारटपणा वाढून दोन शंख गमावले. माशांच्या रोगांवरील तांब्याचीं औषधेंहि कोळंबीच्या पात्रांत घालूं नयेत. त्यांनीं ती मरते.

एके सकाळीं कोळंबी बिळाबाहेर निपचित पडलेली दिसली. घरांत हळहळ झाली. जवळून पाहतां ती पोकळ निघाली! कोळंबी वाढतांना जुनें कवच टाकून देते व नवें कठीण होईपर्यंत लपून बसते. अशा वेळीं दगड उचलून तिचा शोध करणें म्हणजे आजाऱ्याचें पांघरूण ओढणें होय. लपावयास जागा नसेल तर पात्रांतील सोबतीच तिला खातात.

कांहीं जातींच्या चुटकी-कोळंब्या मात्र एका छोट्या माशाशीं सहवास करतात. त्यांस फारसें दिसत नाहीं. म्हणून कोळंबी बीळ खणीत असतां आपली मिशी माशाच्या अंगास लावून ठेवते. संकट दिसतांच मासा शेपूट हलवितो व दोघेहि आंत! आमची कोळंबी त्या जातीची नाहीं.

हिच्याहून भयंकर अशा एका प्राण्यास खंडोबाच्या किड्यासारखे दुमडलेले पुढचे पाय असतात, व त्यावरूनच त्याचें इंग्रजी नांव पडलें आहे. ती खरी कोळंबी नव्हे. स्टॅन्ली केंप ह्यांनीं १९१३ सालीं कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमच्या ग्रंथमालेंत ह्या वर्गाचें सविस्तर वर्णन केलें आहे. मुंबईच्या मच्छिमारांच्या जाळ्यांत येणारे बहुतेक चिखलांत बिळें करून राहतात व भाल्यासारखा पाय फेंकून भक्ष्य टोंचतात. दुसरे ठोसा मारतात; मोरासारख्या रंगाच्या एका जातीचा ठोसा सेकंदास २३ मीटरपर्यंतच्या वेगानें बसतो, असें २००४ मध्यें मोजलें गेलें. शिंपला फोडणाऱ्या अशा प्राण्यास पातळ कांचेच्या पात्रांत ठेवण्याची हौस मुलांनीं करूं नये, व पालकांनीं पुरवूं नये. प्रवाळाचा तुकडाहि किनाऱ्यावरून आणूं नये. २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याचें संरक्षण आहे.

आमची कोळंबी आज आपल्या स्वतंत्र पात्रांत आहे. आठवड्यांतून दोन-तीनदां माशाचा लहानसा तुकडा तिला पुरतो. पाहुणे येतात, वाकून वाकून पाहतात आणि “ह्यांत तर नुसता दगडच आहे,” असें म्हणून उठतात. रात्रीं दिवे मालवल्यावर मात्र ‘टक्’ असा आवाज होतो, आणि आतां त्या आवाजानें घरांत कोणी जागें होत नाहीं.