निखाऱ्यावरच्या जेवणाचे खरे मानकरी

टेबलाच्या मधोमध निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर तारेची जाळी, हाताशी दोन चिमटे आणि मागणी नोंदवायला टॅब्लेट. जपानमधल्या ‘ताबेहोदाई’, म्हणजे एकदाच पैसे भरून पोटभर खा अशा पद्धतीच्या याकिनिकू (भाजलेलं मांस) उपाहारगृहात गिऱ्हाईक बसलं की घड्याळ सुरू होतं. बहुतेक ठिकाणी नव्वद मिनिटं ते दोन तास मुदत असते आणि ती संपायच्या थोडं आधीच शेवटची मागणी घेतात. दरांच्या दोन-तीन पायऱ्या असतात. खालच्या पायरीवर कोंबडी, डुक्कर आणि साधं गोमांस. वर चढावं तशी जीभ, फासळीचं चांगलं मांस, कोळंबी येऊ लागते. अगदी लहान मुलांना बहुधा फुकट, ज्येष्ठांना सवलत. ताटात टाकलंत तर जादा पैसे पडतील, अशी सूचनाही अनेक दुकानांत असते. ती सूचना मला फार योग्य वाटते.

मुदपाकखान्यात मांस फक्त कापतात आणि मुरवतात. भाजायचं काम गिऱ्हाईकाचं. धंद्याचं निम्मं गणित इथेच सुटतं, कारण आचाऱ्याचं कसब लागतं ते सुरीपुरतं. उरलेलं गणित पोटच सोडवतं. चरबीदार मांस चार-पाच फेऱ्यांनंतर नकोसं होतं, भात आणि सूप जागा अडवतात. म्हणून जाणकार माणसं भात मागे ठेवतात आणि सुरुवात जिभेच्या पातळ कापांनी करतात, मीठ-लिंबाबरोबर. ‘तारे’ नावाच्या गोडसर सोयामसाल्यात मुरवलेलं मांस नंतर, कारण त्यातली साखर जाळीवर करपून चिकटते आणि पुढच्या प्रत्येक घासाला कडू करते. जाळी काळी पडली की बदलून मागायची, त्यात संकोच नाही. चरबी ठिबकून भडका उडाला तर जाळीवर बर्फाचा खडा ठेवायचा. कच्च्या मांसाचा चिमटा वेगळा, खायच्या काड्या वेगळ्या.

कच्च्या मांसाबाबतची ही सावधगिरी प्राण गेल्यावर कडक झाली. २०११ च्या वसंतात जपानमधल्या एका स्वस्त याकिनिकू साखळीत कच्चं गोमांस खाऊन अनेकांना विषबाधा झाली आणि पाच जण दगावले. त्याच वर्षी सरकारने कच्च्या गोमांसासाठी कठोर निकष आणले आणि जुलै २०१२ पासून गाईची कच्ची कलेजी विकायला बंदी घातली.

हे सगळं ज्या देशात चालतं, तिथे गोमांस शतकानुशतकं निषिद्ध होतं, हे मराठी वाचकाला विशेष वाटेल. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खाण्यावर वर्षातल्या शेतीच्या महिन्यांपुरती बंदी घातली. मागे बौद्ध अहिंसा होती, तशीच औताच्या जनावरांची काळजीही. रानडुक्कर आणि हरीण त्या यादीत नव्हते, पण पुढे चार पायांच्या जनावरांविषयी एकूणच विटाळाची भावना रुजली. लोक चोरून खात राहिले. एदो काळात हिकोने संस्थानातून मिसोत मुरवलेलं गोमांस शोगुनला भेट म्हणून जाई, तेही औषध या नावाखाली. जानेवारी १८७२ मध्ये सम्राट मेइजींनी गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि राजाच्या ताटातूनच निर्बंध सुटला. तेव्हापासून शहरांत गोमांसाचं भांडं रटरटू लागलं. जाळीवर स्वतः भाजून खाणं मात्र त्या राजताटातून आलं नाही.

ते आलं कोरियातून, गरिबांच्या हाताने. जपानने १९१० मध्ये कोरिया गिळंकृत केला. १९२० च्या दशकात चेजू बेट आणि ओसाका यांच्यामध्ये थेट आगबोट सुरू झाली आणि बेटावरची माणसं ओसाकाच्या कारखान्यांत मजुरीला येऊ लागली. आजच्या इकुनो भागात, त्सुरुहाशीच्या आसपास, त्यांची वस्ती वाढली. महायुद्ध संपलं तेव्हा जपानमध्ये सुमारे २० लाख कोरियन होते. बहुतेक परतले, सहाएक लाख राहिले, आणि १९५२ मध्ये त्यांचं जपानी नागरिकत्व काढून घेतलं गेलं. सरकारी नोकरी बंद, मोठ्या कंपन्यांची दारं बंद. उरलं काय? भंगार, छोटे कारखाने आणि खानावळ. युद्धानंतरच्या काळ्या बाजारात जे मांस हाती लागे ते बहुधा पोटातलं: वजडी, आतडी, कलेजी. लसूण, तिखट, तिळाचं तेल आणि सोया यांत ते चोळायचं आणि निखाऱ्यावर धरायचं. ‘होरुमोन’ म्हणून आज ताबेहोदाईच्या यादीत ज्याचं वेगळं पान असतं, ते हे मांस.

वजडी जपानमध्ये आधी कुणी खातच नव्हतं असं नाही. कातडं आणि मेलेली जनावरं यांचं काम ज्यांच्यावर लादलं गेलं, त्या बुराकू वस्त्यांमध्ये आतडी तळून ‘आबुराकासु’ करत, मांस वाळवून ‘साइबोशी’ करत. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ ज्यांनी वाचलं असेल, मराठवाड्यातल्या चान्यांविषयी, म्हणजे वाळवलेल्या मांसाविषयी, ज्यांना ठाऊक असेल, त्यांना या वस्त्यांचा स्वयंपाक परका वाटणार नाही. समाजाने ज्याला हात लावला नाही, ते खाण्याजोगं करायची अक्कल ज्यांनी कमावली, त्यांची नावं पदार्थाला प्रतिष्ठा आल्यावर गळतात. याकिनिकूच्या बाबतीतही तेच झालं, आणि मला ते खुपतं.

परदेशी पाहुण्यापुढे आज याकिनिकू ‘जपानी बार्बेक्यू’ म्हणून येते. यादीतली ‘करुबी’ ही कोरियन फासळी असते, शेजारी किमची असते, नामुल भाजी असते, बिबिंबा भात असतो, शेवटी थंड शेवया येतात. उत्तरेकडच्या मोरिओका शहरात या शेवया पहिल्यांदा विकल्या १९५४ मध्ये, हामहुंगहून आलेल्या एका कोरियन माणसाने; आता ती त्या शहराची ओळख आहे. तरीही मालकाचं मूळ विचारायची पद्धत नाही, आणि पुष्कळ मालकांनी वर्षानुवर्षं जपानी आडनावाआड ते झाकलंही. नाटककार चोंग उइशिन यांनी २००८ मध्ये ‘याकिनिकू ड्रॅगन’ हे नाटक लिहिलं आणि १९७० च्या आसपासच्या अशा एका खानावळीचं, तिच्या उठवल्या जाणाऱ्या वस्तीचं दुःख रंगमंचावर आणलं. २०१८ मध्ये त्यांनीच त्यावर चित्रपट केला. दाद सरकारनेही दिली, जरा वेगळ्या वाटेने. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २००१ मध्ये जतन कराव्यात अशा शंभर सुगंधी जागा निवडल्या. फुलबागा आणि देवळांच्या त्या यादीत त्सुरुहाशी स्थानकाचा परिसरही आहे. रेल्वेचं दार उघडताच भाजलेल्या मांसाचा वास आत येतो, तो हाच.

गल्लीतली धुरकट खानावळ कुटुंबाच्या मेजवानीची जागा कशी झाली? १९६८ मध्ये एबारा कंपनीने बाटलीबंद सॉस आणला आणि चव घरोघर गेली. १९८० मध्ये नागोयाच्या शिन्पो कंपनीने धूर वर जाऊ न देता जाळीच्या कडेनेच खाली ओढून घेणारी शेगडी बनवली. कपड्यांना वास लागेना, तशी कचेरीतली माणसं, बायका-मुलं आत शिरली. तिसरी गोष्ट अमेरिकेच्या दबावाने घडली. एप्रिल १९९१ मध्ये जपानने गोमांस आयातीवरची कोटामर्यादा उठवली. पहिल्या वर्षी ७० टक्के जकात होती, पुढे ती उतरत गेली. स्वस्त आयात गोमांस जहाजं भरून येऊ लागलं. पोटभर खा म्हणणं परवडलं ते यामुळे. ती पद्धत स्वतः मात्र जुनी, टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलने १९५८ मध्ये सुरू केलेली. १९९६ मध्ये ‘ग्युकाकू’ साखळी निघाली, २००७ मध्ये ‘याकिनिकू किंग’. यातल्या दुसरीने बसल्या जागी हवं ते आणून द्यायची प्रथा रुजवली.

निखाऱ्यांविषयी थोडं सावकाश बोलायला हवं, कारण खरी चव तिथे आहे. गॅस जळताना वाफ सोडतो, लोणारी कोळसा जवळजवळ सोडत नाही. त्यामुळे मांसाचा वरचा पापुद्रा चटकन कोरडा होऊन तांबूस होतो आणि आत रस राहतो. निखाऱ्यावर पडलेल्या चरबीचा धूर परत मांसालाच लागतो. या कोळशातला राजा बिंचोतान. वाकायामा प्रांतात उबामेगाशी नावाच्या चिवट ओकची लाकडं भट्टीत अनेक दिवस संथ जाळतात, शेवटी हवा सोडून तापमान हजार अंशांवर नेतात आणि लालबुंद कोळसा बाहेर ओढून ओलसर राख-मातीखाली विझवतात. थंड झालेल्या दोन कांड्या एकमेकींवर आपटल्या की धातूसारखा नाद येतो. लोणारी सगळं झाड तोडत नाहीत. जाड फांद्या घेतात, बारीक राखतात, म्हणजे तेच झाड पुन्हा कामी येतं. ताबेहोदाईत मात्र बिंचोतान क्वचितच. तिथे असतो ‘ओगातान’, लाकडाचा भुसा दाबून केलेला, मधून पोकळ नळीसारखा. तो स्वस्त, एकसारखा आणि बराच वेळ धगणारा असतो. कमी लेखावा असा नाही.

गोमांस न खाणाऱ्यांना तिथे जागा आहे का? टोकियोच्या निशी-कासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे. तो ज्या एदोगावा विभागात येतो, तिथल्या परिषदेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला. कचेरीच्या पार्टीचं बोलावणं तिथल्या कुणालाही येऊ शकतं. कोंबडी, कोळंबी, मका, लाल भोपळा, मश्रूम मिळतात, पण जाळी एकच असते आणि सॉसमध्ये मांसाचा अर्क असू शकतो. वेगळी शेगडी, नाहीतर निदान नवी जाळी आधीच मागून घ्यावी आणि सॉसऐवजी मीठ-लिंबू घ्यावं.

सध्या येन घसरलेला आहे, आयात गोमांस महागलं आहे. मोठ्या साखळ्या घाऊक खरेदीवर तग धरतात, घरची माणसं चालवतात ती दुकानं बंद पडतात. फटका शेगडी घडवणाऱ्यांनाही बसला. नोतो द्वीपकल्पातल्या सुझु शहरात डायटम मातीचे ठोकळे जमिनीखालून हाताने कापून ‘शिचिरिन’ नावाची शेगडी घडवतात. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपाने तिथल्या कारागिरांच्या भट्ट्याही मोडल्या. म्हणून जपानला जाणाऱ्या वाचकांना विनंती आहे. मुलाबाळांसह एक संध्याकाळ ताबेहोदाईत जरूर घालवा, पण दुसरी एखाद्या छोट्या कोरियन कुटुंबाच्या दुकानासाठी राखून ठेवा. तिथे मोजून चार ताटल्या मागवा, पैसे थोडे जास्त पडले तरी द्या, आणि हे दुकान कुणी, केव्हा सुरू केलं, ते मालकिणीला आदराने विचारा.