वहीच्या शेवटच्या पानावरचे भौतिकशास्त्र

तुमच्या वहीचे शेवटचे पान कोरे आहे काय? अगदी खरे सांगा. बहुतेकांच्या वहीत या पानावर शाईचे ठिपके, फुल्या-गोळ्यांचा डाव, मास्तरांचे एखादे चित्र असे काहीतरी सापडतेच. आजचा लेख या पानाविषयी आहे, आणि त्याची सुरुवात माझ्या एका चुकीने होते.

काही वर्षांपूर्वी मी अकरावीच्या प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासत होतो. एका वहीत साध्या लंबकाचा प्रयोग नीटनेटका लिहिला होता. शेवटच्या पानावर मात्र एक चित्र होते. लिफ्टच्या छताला लंबक टांगला आहे, त्याच्या गोळ्यावर काडीचा एक माणूस झोका घेत बसला आहे, आणि तो विचारतो आहे, "लिफ्टची दोरी तुटली तर माझा झोका थांबेल, की चालूच राहील?" मी लाल शाईने शेरा मारला : 'प्रयोगवहीत चित्रे काढू नयेत.' पुढच्या वेळी ती वही आली तेव्हा शेवटचे पान फाडलेले होते.

त्या चित्रातला प्रश्न माझ्या चाचणी परीक्षेतल्या प्रश्नांपेक्षा चांगला होता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. त्याचे उत्तर लेखाच्या शेवटी पाहू. तोवर तुम्हीही विचार करा. आधी, अशीच काडीची माणसे काढणाऱ्या एका भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याची ओळख करून घेऊ.

छंदाचा व्यवसाय झाला

रॅन्डल मन्रो यांचा जन्म १९८४ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. व्हर्जिनिया राज्यातील ख्रिस्तोफर न्यूपोर्ट विद्यापीठातून त्यांनी २००६ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतली. 'नासा'च्या लँग्ली संशोधन केंद्रात ते यंत्रमानवांच्या कामावर होते. विद्यार्थिदशेत त्यांच्या वह्यांतही चौकटीच्या कागदावर चित्रे काढलेली असत. सप्टेंबर २००५ मध्ये त्यांनी ही चित्रे स्कॅनरखाली धरली आणि इंटरनेटवर ठेवायला सुरुवात केली. इंटरनेटवर नियमित प्रसिद्ध होणाऱ्या अशा चित्रमालिकेला 'वेबकॉमिक' म्हणतात. मन्रो यांच्या मालिकेचे नाव आहे 'एक्स-के-सी-डी'. या अक्षरांना काहीही अर्थ नाही. ती एकेक करूनच उच्चारायची.

२००६ च्या अखेरीस 'नासा'मधील काम संपले आणि छंद हाच व्यवसाय झाला. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे आठवड्यातून तीन वेळा चित्र प्रसिद्ध करायचे हा त्यांचा नेम. माणसे काढायची ती काड्यांची : डोक्यासाठी एक वर्तुळ, अंगासाठी पाच रेघा. नाक नाही, डोळे नाहीत. चित्रकलेत आपण कच्चे आहोत अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे. रेघा थोड्या असल्या तरी चालते, मागचा विचार मात्र पक्का लागतो.

'समजा' या शब्दापासून

२०१२ साली मन्रो यांनी 'व्हॉट इफ' नावाचे सदर सुरू केले. वाचकांनी वेडेवाकडे प्रश्न विचारायचे आणि त्यांनी त्यांची गंभीरपणे, आकडेमोड करून उत्तरे द्यायची. या सदराचे पुस्तक २०१४ मध्ये निघाले. पहिलाच प्रश्न होता : बेसबॉलचा चेंडू प्रकाशाच्या वेगाच्या ९० टक्के वेगाने फेकला तर काय होईल?

आपण हाच प्रश्न क्रिकेटच्या मैदानावर सोडवू या. चेंडूचे वस्तुमान १६० ग्रॅम धरा. खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे सुमारे २० मीटर. हे अंतर चेंडू ७५ नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या एक कोटीव्या भागापेक्षाही कमी वेळात कापील. फलंदाजाला चेंडू सुटलेला दिसेपर्यंत तो जवळजवळ त्याच्यापाशी आलेला असेल.

आता गतिज ऊर्जा काढू. शाळेत शिकलेले सूत्र आहे : वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. पण एवढ्या मोठ्या वेगाला हे सूत्र लागू पडत नाही. तेथे आइन्स्टाइनचे सूत्र वापरावे लागते, आणि खरे उत्तर शाळेतल्या सूत्राच्या तिपटीहून अधिक येते. ते आहे सुमारे १८६ कोटी कोटी ज्यूल! १९४५ साली हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बच्या सुमारे ३०० पट ही ऊर्जा झाली. हवेच्या रेणूंना बाजूला सरकायला वेळच मिळणार नाही. चेंडू त्यांच्यावर इतक्या जोराने आदळेल की अणुकेंद्रांचे संमीलन होईल. मैदान, प्रेक्षक आणि आसपासचे शहर, काहीच उरणार नाही. एवढे सगळे मांडून मन्रो शेवटी निवाडा देतात तो बेसबॉलच्या नियमाचा : चेंडू फलंदाजाच्या अंगावर आला असल्यामुळे त्याला पहिल्या 'बेस'वर जाण्याचा हक्क आहे!

येथे हसू येते, पण हसता हसता आपण सापेक्षतेचे एक उदाहरण सोडवलेले असते. प्रश्न वेडा असला तरी त्याचे उत्तर शहाणपणाने काढता येते, ही गोष्ट या सदराने लाखो वाचकांना दाखवली.

भीतीचे मोजमाप

मार्च २०११ मध्ये जपानात मोठा भूकंप झाला, त्सुनामी आली आणि फुकुशिमा येथील अणुवीजकेंद्रात अपघात झाला. 'किरणोत्सार' हा शब्द जगभर सर्वांच्या तोंडी झाला. पण किती किरणोत्सार म्हणजे किती धोका, हे फार थोड्यांना ठाऊक होते. मन्रो यांनी एका संशोधन-अणुभट्टीवर काम करणाऱ्या आपल्या मैत्रिणीच्या मदतीने एक तक्ता काढला. त्यात केवळ लहानमोठे चौकोन होते. प्रत्येक चौकोन म्हणजे शरीराला मिळणारी किरणोत्साराची ठरावीक मात्रा.

एक केळे खाल्ले की ०.१ मायक्रोसिव्हर्ट मात्रा मिळते, कारण केळ्यात पोटॅशियम असते आणि त्याचा अल्पसा अंश किरणोत्सारी असतो. निसर्गातून आपल्याला दररोज सुमारे १० मायक्रोसिव्हर्ट मात्रा मिळते. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस या विमानप्रवासात ४० मिळते. म्हणजे हा प्रवास चार दिवसांच्या नैसर्गिक मात्रेइतका, किंवा ४०० केळ्यांइतका! या लहान चौकोनांच्या शेजारी जिवाला धोका असणाऱ्या मात्रांचे प्रचंड चौकोन होते. आकड्यांमागची शून्ये डोळ्यांना जाणवत नाहीत, क्षेत्रफळ मात्र चटकन जाणवते. हा तक्ता मन्रो यांनी कोणालाही वापरता यावा म्हणून मुक्त केला. तो केवळ सर्वसाधारण माहितीसाठी आहे, त्यावर कोणाच्या जिवाचे निर्णय घेऊ नयेत, असा इशाराही दिला. हा इशाराही शास्त्रीय वृत्तीचाच भाग आहे.

चार महिने चाललेले चित्र

२५ मार्च २०१३ रोजी 'टाइम' नावाचे एक चित्र प्रसिद्ध झाले. दोन काडीची माणसे समुद्रकिनाऱ्यावर बसलेली, बस्स. पण अर्ध्या तासाने चित्र थोडे बदलले, पुन्हा अर्ध्या तासाने आणखी थोडे. काही दिवसांनी ते तासातासाला बदलू लागले. असे करता करता २६ जुलैपर्यंत ३,०९९ चित्रे झाली आणि त्यांची एक गोष्ट तयार झाली. ती दोघे वाळूचा किल्ला बांधत असतात, समुद्र वाढत असल्याचे त्यांना दिसते आणि कारण शोधण्यासाठी ती प्रवासाला निघतात.

ही गोष्ट कोणत्या काळातली, हे कोठेही सांगितले नव्हते. पण एका रात्रीच्या दृश्यात आकाश दाखवले होते. तारे आपल्याला स्थिर वाटतात, पण हजारो वर्षांत त्यांच्या जागा किंचित बदलतात, आणि पृथ्वीचा अक्षही भोवऱ्यासारखा डुलत असतो. चिकाटीच्या वाचकांनी त्या ताऱ्यांवरून काळ काढला : आजपासून सुमारे ११,००० वर्षे पुढचा! कोरड्या पडलेल्या भूमध्य समुद्रात पुन्हा पाणी शिरते, अशी ती कथा होती. असा पूर सुमारे ५३ लाख वर्षांपूर्वी खरोखरच आला होता, असे भूशास्त्रज्ञ मानतात. या चित्रमालिकेला २०१४ साली 'ह्यूगो' पारितोषिक मिळाले.

पतंग आणि पेन

मन्रो यांचा आणखी एक छंद म्हणजे पतंगाला कॅमेरा बांधून वरून छायाचित्रे घेणे. ही कला जुनी आहे. फ्रान्समध्ये आर्थर बातू यांनी १८८८ साली पतंगावरून छायाचित्र घेतले होते. पतंग डोलतो, मग कॅमेरा स्थिर कसा ठेवायचा? १९१२ साली पिकाव्हे या फ्रेंच गृहस्थांनी युक्ती काढली. फुलीच्या आकाराची चौकट घ्यायची आणि तिची चारही टोके कप्प्यांतून जाणाऱ्या एकाच अखंड दोरीने पतंगाच्या दोरीला दोन जागी टांगायची. पतंगाची दोरी तिरकी झाली की आतली दोरी कप्प्यांतून सरकते आणि गुरुत्वाकर्षणामुळे चौकट आडवीच राहते. ना विजेचे यंत्र, ना बॅटरी!

येथे एक गणित करा. कॅमेऱ्याला ६० अंशांच्या कोनातले दृश्य दिसते आणि तो ४० मीटर उंचीवर आहे, तर जमिनीचा किती रुंद पट्टा चित्रात येईल? त्रिकोणमिती सांगते, सुमारे ४६ मीटर. हा प्रयोग करायचा तर मोकळ्या माळावर, वडील माणसांबरोबर आणि विजेच्या तारांपासून दूर करावा. नायलॉनचा मांजा मुळीच वापरू नये. त्यावर २०१७ पासून देशभर बंदी आहे.

वेबकॉमिक काढणारे आजचे बरेच चित्रकार कागदाऐवजी संगणकाला जोडलेल्या पाटीवर चित्र काढतात. या पाट्यांच्या एका प्रकारात पेनला तार नसते आणि बॅटरीही नसते. मग पेन कोठे टेकले आहे हे पाटीला कसे कळते? उत्तर तुमच्या प्रयोगशाळेतच आहे. एकाच वारंवारतेचे दोन नादकाटे घेऊन एक वाजवला की दुसरा आपोआप कंप पावू लागतो. याला अनुस्पंदन म्हणतात. पाटीखाली तारांच्या वेटोळ्यांची जाळी असते. तिच्यातून क्षणभर प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाह सोडतात. पेनमध्ये एक बारीक वेटोळे आणि एक धारित्र असते आणि त्यांची वारंवारता पाटीशी जुळवलेली असते. म्हणून पेनमध्ये विद्युत्-कंपने सुरू होतात. मग पाटी गप्प बसते आणि ऐकते. पेनमधली कंपने अजून चालूच असतात, त्यांच्यामुळे जाळीत उलट प्रवाह प्रवर्तित होतो. ज्या तारांत तो सर्वांत प्रबळ, त्यांच्यावर पेन! पेन दाबले की त्याची वारंवारता जराशी बदलते, त्यावरून रेघ जाड हवी की बारीक हे ठरते. हे 'बोलणे' आणि 'ऐकणे' सेकंदाला शंभराहून अधिक वेळा चालते.

दहाशे शब्दांत

मन्रो यांच्या कामामागचा हेतू सर्वांत स्पष्ट दिसतो तो २०१५ च्या 'थिंग एक्सप्लेनर' या पुस्तकात. अणुभट्टीपासून धुण्याच्या यंत्रापर्यंत अनेक वस्तूंची त्यात चित्रे आहेत, पण स्पष्टीकरणाला अट अशी की इंग्रजीतले सर्वांत जास्त वापरातले एक हजार शब्दच वापरायचे. त्या यादीत 'हजार' हा शब्दच नाही, म्हणून लेखक 'दहाशे' म्हणतात! 'रॉकेट' हाही शब्द नाही, म्हणून चंद्रावर माणसे नेणाऱ्या सॅटर्न-५ चे नाव होते 'वर जाणारे पाच'.

मी हा खेळ वर्गात करून पाहिला. प्रेशर कुकर समजावून सांगा, मात्र दाब, तापमान आणि उत्कलनबिंदू हे शब्द वापरायचे नाहीत. फळ्यावर मलाच पाच-सहा वेळा खोडावे लागले. शेवटी विद्यार्थ्यांच्या मदतीने जमले : "भांड्याचे तोंड घट्ट बंद आहे. वाफेला बाहेर जाता येत नाही, म्हणून ती पाण्याला रेटून धरते. रेटलेले पाणी लवकर उकळत नाही, त्याआधी खूप जास्त गरम होते. जास्त गरम पाण्यात डाळ लवकर शिजते." अवघड शब्द गेले की आपल्याला काय समजले आहे आणि काय नुसते पाठ आहे, ते उघडे पडते. शिक्षकांनी हा खेळ जरूर खेळावा. मन्रो यांची चित्रे श्रेय देऊन, विक्री न करता इतरांना दाखवण्याची मुभा आहे. मात्र सगळीच शालेय मुलांसाठी नाहीत, तेव्हा निवडून दाखवावी.

झोक्याचे उत्तर

आता त्या फाडलेल्या पानाकडे वळू. लिफ्टची दोरी तुटली की लिफ्ट, लंबक आणि काडीचा माणूस सारेच एका त्वरणाने खाली येऊ लागतात. लिफ्टच्या आत गुरुत्वाकर्षण जणू नाहीसे होते. झोका अगदी टोकाला असताना दोरी तुटली, तर तो तिरकाच थांबून राहील. पण मध्यावर, वेगात असताना तुटली, तर हवेचा रोध आणि छताचा अडथळा सोडला असता तो खिळ्याभोवती एकसारख्या वेगाने गोल गोल फिरत राहील! म्हणजे 'थांबेल' आणि 'चालू राहील' ही दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. कोणते, हे दोरी कोणत्या क्षणी तुटली त्यावर अवलंबून आहे.

हे उत्तर मी त्या विद्यार्थ्याला सांगितले, माझा शेरा चुकला होता हेही सांगितले. तो नुसता हसला. चित्र मात्र त्याने पुन्हा काढले नाही. तेव्हापासून प्रात्यक्षिकाच्या वह्या माझ्याकडे आल्या की मी आधी शेवटचे पान उघडतो. तेथे एखादा प्रश्न असेल तर त्याखाली उत्तर लिहितो, आणि ते मला येत नसेल तर तसे लिहितो.

तुमच्या शेवटच्या पानावर काय आहे?