तीनशे वर्षांचा रुग्ण

अमेरिकेतील बोस्टन शहरात बेथ इस्रायल डीकनेस हे मोठे रुग्णालय आहे. तिथल्या अतिदक्षता विभागाच्या नोंदी संशोधनासाठी खुल्या करण्यात आल्या, तेव्हा त्यांत ३०० वर्षे वयाचे रुग्ण होते. ही नोंदणी कारकुनाची चूक नव्हती. तसे मुद्दाम केलेले होते.

या संग्रहाचे नाव ‘मिमिक’. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत २००१ ते २०१२ या काळातील ४६,५२० रुग्णांची माहिती आहे. नाव, पत्ता काढून टाकलेला आहे. तारखाही पुढच्या शतकात सरकवल्या आहेत. वय ८९च्या पुढे असलेली माणसे थोडी असतात, त्यामुळे ती ओळखू येण्याची भीती असते. म्हणून त्यांची जन्मतारीख पहिल्यांदा दाखल झाल्याच्या दिवसापासून बरोबर ३०० वर्षे मागे नेली आहे.

एवढी माहिती एक्सेलमध्ये मावत नाही. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी बसतात. मिमिकच्या एकाच तक्त्यात नाडी, रक्तदाब, तापमान यांच्या ३३ कोटींहून अधिक ओळी आहेत. म्हणून ती ‘पोस्टग्रेस’सारख्या डेटाबेसमध्ये ठेवतात आणि अनेक संशोधक ‘पीएसक्यूएल’ या साध्या प्रोग्रॅमने ती वाचतात. त्यात बटणे नाहीत, चित्रे नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची आणि एंटर दाबायचे. आज्ञेच्या शेवटी अर्धविराम लागतो. तो राहिला तर उत्तर येत नाही, यंत्र पुढच्या शब्दांची वाट बघत बसते. नवख्याला वाटते, संगणक अडकला.

खरी अडचण मात्र उत्तर आल्यावर सुरू होते. समजा, १०० रुग्णांपैकी ९५ जणांचे सरासरी वय ६० आहे आणि उरलेले ५ जण नव्वदीतले आहेत. खरी सरासरी साधारण साडेएकसष्ट येईल. पण त्या पाच जणांचे वय ३०० धरले गेले, तर उत्तर येते ७२. यंत्र तक्रार करत नाही. बेरीज बरोबर, भागाकार बरोबर, निष्कर्ष चुकीचा! आणि औषध वृद्धांना चालते की नाही, हे अशाच आकड्यांवरून ठरवले जाते.

दुसरी फसगत नाडीची. त्या रुग्णालयाने मधल्या काळात संगणकप्रणाली बदलली. जुन्या प्रणालीत नाडीच्या ठोक्यांचा सांकेतिक क्रमांक २११ होता, नव्या प्रणालीत तो २२००४५ झाला. फक्त पहिला क्रमांक मागितला, तर नंतरच्या वर्षांतले रुग्ण गुपचूप गळतात. पडद्यावर मात्र नीटनेटका तक्ता दिसतो.

हे डॉक्टरांना नवे नाही. केसपेपरवर नुसते ‘शुगर’ लिहून पाठवले, तर उपाशीपोटीची की जेवणानंतरची, हे प्रयोगशाळेला कसे कळणार? आकडा येतो, पण अर्थ लागत नाही.

म्हणून अनुभवी माणूस आधी तक्त्यांची यादी बघतो, मग दहा-वीस ओळी डोळ्यांखालून घालतो. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे वय किती, हे विचारतो. ३०० दिसले की थांबतो. रुग्णालयाच्या चालू डेटाबेसमध्ये तर आणखी जपावे लागते. ‘डिलीट’ लिहिताना कोणत्या ओळी, ही अट राहून गेली, तर अख्खा तक्ता रिकामा होऊ शकतो. त्यासाठी आधी ‘बिगिन’ लिहितात, परिणाम तपासतात, आणि खात्री पटल्यावरच ‘कमिट’ करतात. शंका आली तर ‘रोलबॅक’, म्हणजे होते तसे. ज्याला फक्त आकडे हवे आहेत, त्याला वाचण्यापुरतीच परवानगी द्यावी, हे उत्तम.

मिमिकची पूर्ण माहिती मिळवण्यासाठी संशोधन-नैतिकतेचे प्रशिक्षण आणि लेखी करार लागतो. सरावासाठी १०० रुग्णांचा छोटा संच मात्र सर्वांना खुला आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी तो जरूर बघावा. काळ्या पडद्यावरच्या प्रत्येक ओळीमागे एक खाट होती, खाटेवर एक माणूस होता. हे लक्षात राहिले, तर प्रश्न आपोआप जपून विचारला जातो.