आधी माणसं, मग पाणी : गुरुग्राम कसं वाढलं

आजचा विषय शहराचा आहे, आणि शहर म्हणून मी गुरुग्राम घेतो आहे. दिल्लीच्या नैर्ऋत्येला लागून असलेलं हे गाव २०१६ पर्यंत कागदोपत्री गुडगाव होतं. इथली जुनी माणसं अजूनही तेच म्हणतात, मीही अधूनमधून म्हणेन. माझ्यासारखे बरेच निवृत्त फौजी इथे घर करून राहिले आहेत. पण आजचं बोलणं फक्त इथल्या लोकांसाठी नाही. मोठ्या शहराच्या कडेला जिथे शेतात एकदम वीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, तिथे राहणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

आधी आकडे बघू. २००१ च्या जनगणनेत गुडगाव नगरपालिकेची लोकसंख्या सुमारे १ लाख ७३ हजार होती. २०११ ला गुडगाव महानगरपालिकेची होती ८ लाख ७७ हजार. दहा वर्षांत पाचपट! हा आकडा भाषणात टाळ्या घेतो, पण तो जसाच्या तसा घेऊ नका. मध्ये २००८ साली महापालिका झाली आणि हद्द वाढली. ज्या कॉलन्या आणि जी गावं आधी पालिकेबाहेर होती ती आत आली. म्हणजे माणसं तिथेच होती, रेघ पुढे सरकली. कुठल्याही उपनगराची लोकसंख्या ‘इतकी पट वाढली’ असं ऐकलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, हद्द तीच होती का?

म्हणून जिल्ह्याचा आकडा जास्त विश्वासाचा. आजच्या हद्दीपुरतं बोलायचं तर २००१ ला जिल्ह्यात ८ लाख ७० हजार लोक होते, २०११ ला १५ लाख १४ हजार. वाढ साधारण ७४ टक्के. त्याच दहा वर्षांत हरियाणा सुमारे २० टक्क्यांनी वाढला आणि देश १७.७ टक्क्यांनी. आता एक ढोबळ हिशेब करा. गुडगाव देशाच्या वेगाने वाढलं असतं तर २०११ ला लोकसंख्या सव्वादहा लाखांच्या आसपास गेली असती. वरचे जे जवळजवळ पाच लाख आहेत, ते मुख्यतः बाहेरून आलेले.

हा फरक महत्त्वाचा आहे, आणि त्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. घरात मूल जन्माला आलं तर सरकारला शाळेसाठी पाच वर्षं मिळतात, नोकरीसाठी वीस. बाहेरून येणारा माणूस पंचविशीत येतो. बरोबर मोटारसायकल किंवा गाडी असते, लवकरच बायको येते. तो पहिल्या दिवसापासून पूर्ण पाणी वापरतो, पूर्ण मैलापाणी सोडतो आणि सकाळी नऊ वाजता रस्त्यावर असतो. तयारीला एक दिवसही मिळत नाही. तयारी करायची तर ती तो येण्याआधीच करावी लागते.

फौजेत ही गोष्ट रिक्रूटलाही माहीत असते. तुकडी नव्या ठिकाणी मुक्कामाला जाणार असेल तर आधी ॲडव्हान्स पार्टी जाते. पाण्याची जागा ठरते, संडासाचे चर खणले जातात, गाड्या कुठे लागणार ते आखलं जातं, आणि मग माणसं पोचतात. गुडगावात माणसं आधी पोचली.

असं का झालं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९५७ च्या कायद्याने दिल्लीत दिल्ली विकास प्राधिकरण आलं आणि जमीन विकसित करण्याचं काम जवळपास पूर्णपणे सरकारच्या हातात गेलं. खासगी वसाहती वसवणाऱ्यांना दिल्लीत वाव उरला नाही. १९६६ साली हरियाणा वेगळं राज्य झालं आणि १९७५ साली त्याने शहरी भागांच्या विकासाचा कायदा केला. त्यानुसार खासगी विकसकाला परवाना घेऊन वसाहत उभारता येते. सीमेच्या अलीकडे दार बंद आणि पलीकडे उघडं, असं झाल्यावर पैसा कुठे जाणार हे सांगायला नको. डीएलएफने १९८० च्या दशकापासून इथे मोठ्या वसाहती उभ्या केल्या. डिसेंबर १९८३ मध्ये मारुतीची पहिली गाडी गुडगावच्या कारखान्यातून बाहेर पडली. १९९७ साली जनरल इलेक्ट्रिकने इथे आपलं बॅक ऑफिस सुरू केलं आणि त्यामागून कॉल सेंटरं, सॉफ्टवेअर, सल्लागार कंपन्या आल्या. विमानतळ शेजारी होताच.

आता परवान्याची ही पद्धत नीट समजून घ्या. विकसक आपल्या कुंपणाच्या आतलं सगळं करतो, म्हणजे रस्ते, दिवे, पाण्याची टाकी, बाग. कुंपणाबाहेरचं सरकारने करायचं : मुख्य जलवाहिनी, मुख्य मलनिस्सारण वाहिनी, पावसाळी नाले, मोठे रस्ते. त्यासाठी सरकार विकसकाकडून बाह्य विकास शुल्क घेतं, आणि विकसक ते तुमच्या-माझ्याकडून फ्लॅटच्या किमतीत वसूल करतो. कागदावर पद्धत चोख आहे. पण परवाना एका दिवसात सहीने मिळतो आणि मुख्य वाहिनीला जमीन संपादन, टेंडर, कोर्टकचेरी, अशी दहा वर्षं लागतात. विकसक शुल्काचे हप्ते थकवतात, सरकार काम पुढे ढकलतं. इमारत मात्र चार-पाच वर्षांत उभी राहते आणि लोक राहायला येतात. २०३१ च्या विकास आराखड्यात गुडगाव-मानेसर भागासाठी साडेबेचाळीस लाख लोकसंख्या धरली आहे. तेवढ्या हिशेबाने सेक्टर आखले गेले, परवाने दिले गेले. नळ आणि नाले त्या वेगाने गेले नाहीत.

पाण्याचा हिशेब घरी कागदावर करता येतो. शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर हा आपल्याकडचा नेहमीचा मापदंड आहे. दहा लाख लोक वाढले तर रोज साडेतेरा कोटी लिटर पाणी जास्त लागतं. दहा हजार लिटरच्या टँकरने आणायचं म्हटलं तर रोज साडेतेरा हजार फेऱ्या. आणि यातलं साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं, म्हणजे दहा कोटी लिटरच्या वर. ते कुठे जाणार?

गुरुग्रामला स्वतःची नदी नाही. पिण्याचं पाणी पश्चिम यमुना कालव्यातून येतं. सोनीपत जिल्ह्यातल्या काकरोईहून निघालेला फाटा दिल्लीला वळसा घालून बसईच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत पोचतो. दुसरं केंद्र चंदू बुढेराला आहे. ते पुरलं नाही तेव्हा लोक जमिनीत उतरले. बोअर खोल खोल गेले आणि इथलं भूजल ‘अतिउपसा’ या वर्गात जाऊन बसलं. २०१२ साली पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की बांधकामाला भूजल वापरू नका, प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरा. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो. त्याचे पैसे देखभाल खर्चात जातात आणि महापालिकेचा मालमत्ता करही भरावा लागतो. एकाच पाण्यासाठी दोन खिसे, हे इथल्या मध्यमवर्गाला इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यावर आता कुणी चिडतही नाही.

पावसाची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते, कारण ती नकाशावर स्पष्ट दिसते. समोच्च रेषा वाचणं हे आमचं शिक्षण. गुडगावच्या पूर्वेला अरवलीच्या टेकड्या आहेत आणि जमीन पश्चिमेकडे, नजफगढ नाल्याकडे उतरत जाते. पाणीही त्याच वाटेने जाणार. जुन्या लोकांना हे कळत होतं. म्हणून त्यांनी घाटा, झाडसा, चक्करपूर इथे मातीचे बांध घातले. टेकडीवरून आलेलं पाणी तिथे थांबायचं, जमिनीत मुरायचं आणि उरलेलं सावकाश पुढे जायचं. त्यांतल्या चक्करपूरच्या बांधावर आता लोक सकाळी फिरायला जातात. तो निदान जागेवर आहे, बाकीच्या बऱ्याच ठिकाणी पाण्याच्या वाटेवर सेक्टर बसले आहेत.

त्यात जमीन काँक्रीटची झाली. एक हेक्टरवर एक सेंटिमीटर पाऊस म्हणजे एक लाख लिटर. शंभर हेक्टरच्या सेक्टरवर तासाभरात पाच सेंटिमीटर पडला तर पाच कोटी लिटर. शेतात त्यातलं बरंचसं मुरलं असतं. डांबर आणि फरशीवरून ते जवळजवळ सगळं वाहतं, तेही एकदम. हे पाणी बादशाहपूर नाल्यात येतं आणि तिथून नजफगढ नाल्यात. तो आधीच भरलेला असेल तर पाणी मागे हटतं. २८ जुलै २०१६ च्या संध्याकाळी हेच झालं. बादशाहपूर नाला भरून वाहिला, हीरो होंडा चौक पाण्याखाली गेला, महामार्ग अडकला आणि लोक रात्रभर गाडीत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी चौकाच्या परिसरात १४४ कलम लावावं लागलं. इथे वर्षाला सरासरी ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोकणातल्या माणसाला हसू येईल, तिकडे एवढा पाऊस एका आठवड्यात पडून जातो. तेव्हा दोष ढगांना देता येत नाही.

टॉवरांच्या मध्ये आणखी एक गुडगाव आहे. चक्करपूर, नाथूपूर, सिकंदरपूर ही मूळ गावं. आपल्याकडे ज्याला गावठाण म्हणतात, त्याभोवती महसुली नकाशात लाल रेघ मारलेली असते. इथे त्याला ‘लाल डोरा’ म्हणतात. त्या रेघेच्या आत बांधकामाचे नियम पूर्वीपासून सैल होते. शेती विकलेल्या कुटुंबांनी घरावर चार-पाच मजले चढवले आणि खोल्या भाड्याने दिल्या. तिथे टॉवरांतले सुरक्षारक्षक राहतात, घरकामाच्या बाया राहतात, डिलिव्हरीची मुलं राहतात. बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली ही माणसं नसतील तर टॉवर आठवडाभरही चालणार नाही. पण विकसकाच्या आराखड्यात त्यांच्यासाठी खोली नव्हती. ज्या वाहिनीवर एका कुटुंबाचं घर होतं तिच्यावर आज वीस खोल्या आहेत.

मग जबाबदार कोण? हे विचारायला जा आणि बघा. परवाना नगररचना खातं देतं. जुने सेक्टर हरियाणा शहरी विकास प्राधिकरणाचे. महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. कॉलन्या महापालिकेकडे, पण ज्या विकसकाकडून हस्तांतरित झाल्या त्याच. मोठे रस्ते, मुख्य वाहिन्या आणि मोठे नाले आता २०१७ च्या कायद्याने आलेल्या गुरुग्राम महानगर विकास प्राधिकरणाकडे. मानेसरची महापालिका डिसेंबर २०२० पासून वेगळी. फौजेत एका मोर्च्यावर इतके कमांडर दिले तर काय होईल, ते सांगायला युद्धशास्त्र लागत नाही. आणि निवडून आलेली माणसं? गुरुग्राम महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली मार्च २०२५ मध्ये. मधली सव्वादोन वर्षं नगरसेवकच नव्हते.

काही गोष्टी सुधारल्या, हेही सांगायला हवं. जून २०१० मध्ये मेट्रो शहरात आली, द्वारका एक्स्प्रेसवेचा हरियाणातला भाग मार्च २०२४ मध्ये खुला झाला. पण जुन्या शहरात जाणाऱ्या मेट्रोची पायाभरणी झाली फेब्रुवारी २०२४ मध्ये. पहिल्या मार्गानंतर जवळजवळ चौदा वर्षांनी.

महाराष्ट्रात दुसरी वाट चोखाळली गेली होती. १९७० साली सिडको स्थापन झाली, सरकारने आधी जमीन घेतली, रस्ते-नाले आखले आणि मग नवी मुंबईचे नोड वसले. त्याची किंमत तिथल्या शेतकऱ्यांनी मोजली. १९८४ चं जासईचं आंदोलन आणि त्यात गेलेले जीव विसरून चालणार नाही. पण नवी मुंबईत निदान कुंपणाबाहेरचं कुणाचं, हे ठरलेलं होतं. पुण्याच्या वाघोलीत मात्र गुडगावचीच वाट दिसते. टॉवर आधी उभे राहिले आणि गाव महापालिकेत आलं जून २०२१ मध्ये, आणखी २२ गावांबरोबर.

आता पुढची जनगणना २०२७ ला ठरली आहे. २०११ नंतर पहिल्यांदाच या शहराची मोजणी होईल. वॉर्ड आणि निधीची वाटणी बऱ्याच अंशी त्या आकड्यांवर ठरते. म्हणून सोसायटीत राहणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्याकडे काम करणारी बाई, तुमचा रखवालदार, गाडी धुणारा मुलगा जिथे राहतो तिथेच त्याची नोंद होते आहे ना, एवढं त्याला विचारा. बरेच जण ‘आमचं नाव गावाकडे आहे’ म्हणून प्रगणकाला परत पाठवतात. ते रेशन कार्डाचं आणि मतदार यादीचं झालं. जनगणनेत माणूस जिथे नेहमी राहतो तिथे मोजला जातो, आणि त्यासाठी कुठलाही कागद दाखवावा लागत नाही.

आणि जे कुणी अशा कडेच्या उपनगरात घर बघत आहेत, त्यांनी सॅम्पल फ्लॅट शेवटी बघावा. आधी विकसकाला विचारा, परवान्याचा क्रमांक काय आणि बाह्य विकास शुल्क पूर्ण भरलं का? मग फाटकाबाहेर या आणि मुख्य जलवाहिनी कुठपर्यंत आली आहे ते चालत जाऊन बघा. सांडपाणी वाहिनीला जोडलं आहे की टँकरने उपसून नेतात, हे सुरक्षारक्षक खरं सांगेल, सेल्समन सांगणार नाही. शेवटचं म्हणजे जुलैमध्ये, मोठा पाऊस पडल्यावर दोन तासांनी एकदा तिथे चक्कर मारा. बूट जुने घाला.