पाहुणा म्हणून परदेशी जाताना : धरमतरच्या खाडीकाठापासून व्हिसाच्या खिडकीपर्यंत

अभ्यागत व्हिसा म्हणजे दुसऱ्या देशात ठरावीक मुदतीपुरते जाऊन परत येण्यासाठी त्या देशाने आगाऊ दिलेली परवानगी. नातलगांची भेट, पर्यटन, लग्नकार्य, आजारी माणसाला भेटणे, नातवंडाचे बारसे ही त्याची मान्य कारणे. नोकरी, पगारी काम आणि कायमचा मुक्काम या व्हिसावर करता येत नाही. अमेरिकेत त्याला बी-२ म्हणतात, ब्रिटनमध्ये स्टँडर्ड व्हिजिटर, ऑस्ट्रेलियात सबक्लास ६००, इस्रायलमध्ये बी/२. नावे निरनिराळी असली तरी अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढचा प्रश्न सगळीकडे एकच असतो : आलेला पाहुणा मुदतीत परत जाईल का? या प्रश्नाचे उत्तर परदेशातला मुलगा, लेक किंवा भाऊ देऊ शकत नाही. ते अर्जदाराच्या इथल्या संसारातून, जमिनीतून, कामधंद्यातून आणि कागदपत्रांतून मिळावे लागते.

खाडीकाठचे परदेशी नाते

धरमतर हे अंबा नदीच्या खाडीवरचे जुने बंदर. मुंबईहून बोटीने यायचे आणि इथून पेण-अलिबागकडे निघायचे, ही एके काळची रीत. या टापूतल्या माणसांचे परदेशी नातेही आजकालचे नाही. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण बेने इस्रायल या ज्यू समाजाचे आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, असे हा समाज परंपरेने मानतो. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या गावोगावी तो पांगला, तेलाच्या घाण्यावर पोट भरू लागला आणि शनिवारी काम बंद ठेवत असल्यामुळे शनवार तेली म्हणून ओळखला जाऊ लागला. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर, दिवेकर, किहीमकर ही त्यांची आडनावे म्हणजे रायगडचा नकाशाच. पेणला आणि कुंडलिकेपलीकडच्या अष्टमीला त्यांची सिनेगॉग आहेत. अलिबागचे मागेन आबोथ १८४८ मधले, तर पनवेलचे बेथ एल १८४९ मधले.

१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्राची स्थापना झाली. १९५० च्या परतीच्या कायद्याने ज्यूंना तिथे स्थायिक होण्याचा हक्क दिला आणि पुढच्या काही दशकांत या समाजातील बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामला या शहरांत त्यांच्या वस्त्या झाल्या. तिथे मराठी बोलली जाते आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघत आले आहे. मागे राहिलेली माणसे थोडी. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतातील ज्यूंची संख्या पाच हजारांहून कमी भरली. एकाच घरातली काही भावंडे रायगडात आणि बाकीची इस्रायलमध्ये, अशी स्थिती अनेकांची झाली.

या कुटुंबांच्या भेटीगाठी दोन देशांच्या संबंधांवर अवलंबून राहिल्या. भारताने सप्टेंबर १९५० मध्ये इस्रायलला मान्यता दिली, १९५३ मध्ये मुंबईत इस्रायली वाणिज्य दूतावास सुरू झाला. पण पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला जानेवारी १९९२ उजाडावा लागला. मधली जवळजवळ चार दशके मुंबईतली ती एकच कचेरी होती. ती पेण-रोह्याहून जवळ होती, हे इथल्या कुटुंबांचे भाग्य.

इस्रायलच्या उदाहरणातून एक महत्त्वाचा भेद कळतो. परतीच्या कायद्याखाली कायमचे जाणे हा एक मार्ग आणि बी/२ व्हिसावर भावाला भेटून येणे हा पूर्णपणे दुसरा. बी/२ वरचा मुक्काम साधारणपणे तीन महिन्यांपर्यंतचा असतो. ज्याला स्थायिक होण्याचा हक्क आहे, पण फक्त भेटीला जायचे आहे, त्याला अर्जात भेट हाच हेतू स्पष्ट लिहावा लागतो. हाच भेद अमेरिकेतल्या मुलाने आईवडिलांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज आधीच केलेला असेल तेव्हाही लागू होतो : तो अर्ज लपवायचा नसतो आणि या वेळचा प्रवास भेटीपुरताच का आहे, ते सांगता यावे लागते.

आता ही नाती एका समाजापुरती राहिलेली नाहीत. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत आयुष्य काढलेल्या कामगाराची लेक कॅनडात असते, डोलवीच्या पोलाद कारखान्यातल्या माणसाचा मुलगा जर्मनीत, हमरापूर-जोहे परिसरातल्या मूर्तिकाराचा भाऊ दुबईत.

निमंत्रणाचे वजन किती?

तिकडून नोटरी केलेले निमंत्रणपत्र आले की निम्मे काम झाले, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात त्याचे वजन देशागणिक बदलते. अमेरिकेच्या बी-२ व्हिसासाठी निमंत्रणपत्र किंवा खर्चाचे हमीपत्र आवश्यकच नाही. तिथल्या १९५२ च्या स्थलांतर कायद्याच्या कलम २१४(बी) नुसार प्रत्येक अर्जदार स्थायिक होण्याच्या इराद्यानेच येत आहे असे गृहीत धरले जाते आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदाराची असते.

जर्मनीत याउलट आहे. पाहुण्याचा खर्च यजमान करणार असेल, तर तो आपल्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन उत्पन्न दाखवतो आणि खर्चाची कायदेशीर हमी लिहून देतो. फ्रान्समध्ये घरी उतरणाऱ्या पाहुण्यासाठी यजमानाला नगरपालिकेकडून स्वागताचा दाखला काढावा लागतो. ऑस्ट्रेलियात कुटुंबीयांनी पुरस्कृत केलेल्या प्रकारात पाहुणा परत जाईल याची हमी म्हणून यजमानाकडून अनामत रक्कम मागितली जाऊ शकते. कॅनडाच्या अर्जाला निमंत्रणपत्र जोडतात. त्यात नाते, पत्ता, मुक्कामाचे दिवस, खर्चाची व्यवस्था आणि यजमानाचा तिथला दर्जा लिहिलेला असावा. इस्रायलसाठी नातलगाचे पत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत उपयोगी पडते.

कॅनडाने डिसेंबर २०११ पासून आईवडील व आजीआजोबांसाठी सुपर व्हिसा ठेवला आहे. जुलै २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. यजमानाचे ठरावीक किमान उत्पन्न, पाहुण्याची वैद्यकीय तपासणी आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, वर्षभराचा आरोग्य विमा या त्याच्या अटी. लेकीकडे दोन-तीन महिने जाऊन यायचे असेल तर साधा अभ्यागत व्हिसा पुरतो.

इथली मुळे कागदावर

परत येण्याचे कारण तोंडी सांगून भागत नाही. नोकरदाराजवळ पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, रजेच्या मंजुरीचे पत्र असते. निवृत्त माणसाजवळ पेन्शनचे आदेश आणि बँकेचे पासबुक. खरी अडचण शेतकरी, मिठागरवाला, मच्छीमार आणि छोटा कारागीर यांची. त्यांचे उत्पन्न खरे असते, पण विखुरलेले आणि बरेचसे रोखीतले.

शेतकऱ्यासाठी सातबारा आणि आठ-अ हे मूळ कागद. वडिलोपार्जित जमिनीवर अजून आजोबांचेच नाव असेल, तर वारसनोंदीचा फेरफार आधी करून घ्यावा लागतो. पासपोर्टवरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव जुळले नाही, तर तो कागद अर्जदाराचा ठरत नाही. गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणि घरपट्टीची पावती. शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नसल्याने अनेक जण विवरणपत्र भरत नाहीत. अशा वेळी भातविक्रीच्या पावत्या आणि त्या रकमा जमा झालेले बँक खाते कामाला येते.

हमरापूरच्या मूर्तिकाराचे उदाहरण घेता येईल. त्याचे वर्ष गणपतीच्या हंगामावर चालते. विक्रीची रक्कम थोड्या महिन्यांत एकदम येते, पावसाळ्याआधी रंग, माती आणि मजुरीत निघून जाते. खात्यावरचा हा चढउतार दुरून पाहणाऱ्याला संशयास्पद वाटू शकतो. म्हणून कारखान्याची उद्यम नोंदणी, मागणीची बिले, विवरणपत्रे आणि हंगाम कधी सुरू होतो हे सांगणारे एक छोटे पत्र सोबत असावे. प्रवास विसर्जनानंतर आणि नव्या हंगामाच्या आधी ठेवला, तर परत येण्याचे कारण कागदावरून आपोआप दिसते. मुलाखतीच्या आठवडाभर आधी कोणाकडून उसने घेऊन खात्यात भरलेले लाख-दोन लाख मात्र नुकसानच करतात. अधिकारी शिल्लक पाहतो तसा ती कशी साचली तेही पाहतो.

नाव आणि तारीख

नात्याचा पुरावा द्यायची वेळ आली की बहुतेक अडचणी नावांत निघतात. लेकीच्या जन्मदाखल्यावर आईचे एक नाव, आईच्या पासपोर्टवर सासरचे दुसरे. शाळेत घालताना लावलेली १ जून ही जन्मतारीख आणि आधारवरची वेगळीच. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा. हे सगळे अर्ज भरण्याआधी निस्तरावे लागते. विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर तो काढता येतो. नाव बदलल्याची नोंद राज्याच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घेता येते. जन्मनोंद नसेल तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडता येतो. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर लागते आणि त्यात नावांचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच ठेवावे लागते.

दहावी न झालेल्या अनेक ज्येष्ठांना पासपोर्टवरच्या इसीआर (स्थलांतर-तपासणी आवश्यक) शेऱ्याची भीती वाटते. ती निराधार आहे. तो शेरा ठरावीक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांपुरता आहे. नातलगांच्या भेटीला जाणाऱ्याला त्यासाठी वेगळी मंजुरी लागत नाही. पन्नाशी उलटलेल्यांना तर हा शेरा लागूच होत नाही.

अर्ज, बोटांचे ठसे आणि मुलाखत

युरोपातील शेंगेन देशांसाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो आहे. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि परतीनंतर किमान तीन महिने चालणारा हवा. प्रवास विमा किमान ३० हजार युरोचा. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. अनेक देशांत जायचे असेल तर जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. ब्रिटनच्या साध्या अभ्यागत व्हिसावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येते.

ब्रिटन, कॅनडा आणि बहुतेक शेंगेन देशांचे कागद व ठसे मुंबईतल्या व्हिसा अर्ज केंद्रांत घेतले जातात. अमेरिकेसाठी आधी डीएस-१६० हा ऑनलाइन फॉर्म, मग ठसे आणि बहुतेकांना वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात मुलाखत. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाल्यापासून पेणहून मुंबईला पोचणे सोपे झाले असले, तरी वडखळ ते पनवेल रस्त्याचा भरवसा धरून सकाळची वेळ घेऊ नये. ठसे द्यायच्या आधी बोटांवर मेंदी किंवा कापल्याची जखम नसावी. माती, मीठ किंवा जाळ्याचे काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. त्यांनी चार दिवस कामाला आराम देऊन बोटांना तेल लावावे आणि केंद्रात जाण्यापूर्वी हात स्वच्छ धुवावेत.

अमेरिकेची मुलाखत दोन-चार मिनिटांची असते आणि मुंबईत ती मराठीतूनही देता येते. अधिकारी फायली क्वचितच उघडतो. त्याच्यापुढे भरलेला फॉर्म असतो, म्हणून तो एजंटाने भरला असला तरी अर्जदाराने ओळ न् ओळ वाचलेला असावा. मुलगा कोणत्या शहरात आहे, काय करतो, किती दिवस राहणार, खर्च कोण करणार, मागे घरी कोण आहे, हे प्रश्न ठरलेले. उत्तर थोडक्यात आणि खरे असावे. लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आईने तेच सांगावे. ‘फिरायला जाते’ असे शिकवलेले उत्तर पुढच्याच प्रश्नाला उघडे पडते.

नकार आला तर

कलम २१४(बी) खालच्या नकारावर अपील नाही. परिस्थिती बदलल्यावर किंवा अधिक चांगला पुरावा मिळाल्यावर नवा अर्ज करता येतो. ब्रिटनच्या अभ्यागत व्हिसातही सहसा नवा अर्ज हाच मार्ग. शेंगेन देशांत नकाराचे कारण लेखी मिळते आणि त्या देशाच्या कायद्यानुसार अपील करता येते. तेच कागद घेऊन पंधरा दिवसांत पुन्हा अर्ज केल्याने फक्त शुल्क जाते. कारण वाचून ते दूर करणे हे खरे काम.

नकार सुधारता येतो, खोटेपणा नाही. बनावट बँक स्टेटमेंट किंवा खोटे नोकरीचे पत्र सापडले तर कॅनडा पाच वर्षांची आणि ब्रिटन दहा वर्षांपर्यंतची बंदी घालतो. अमेरिकेत ती कायमचीही होऊ शकते. ‘व्हिसा नक्की मिळवून देतो’ असे सांगणाऱ्या एजंटाच्या हाती तो अधिकार कधीच नसतो, आणि त्याने जोडलेल्या कागदाची जबाबदारी अर्जदारावरच येते. आधीचा नकार नव्या अर्जात लपवणे हाही खोटेपणाच.

पोचल्यावर

व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी. किती दिवस राहायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका भेटीची मुदत आय-९४ या नोंदीत लिहिलेली असते, सहसा सहा महिन्यांची. ती उलटून १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहिल्यास तीन वर्षे, वर्ष किंवा त्याहून जास्त राहिल्यास दहा वर्षे प्रवेशबंदी येते. शेंगेन देशांनी ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी संगणकीय नोंद सुरू केली आहे. दिवस तिथे आपोआप मोजले जातात. इस्रायलमध्ये पासपोर्टवर शिक्का न मारता वेगळी चिठ्ठी देतात. ती परत निघेपर्यंत जपून ठेवावी लागते.

सामानातल्या पेणच्या पापड-पोह्यांबद्दल आणि सुकटीबद्दल सीमाशुल्काच्या फॉर्मवर खरे लिहावे. ऑस्ट्रेलियात तर प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करणे सक्तीचे आहे, आणि वालासारखे बियाणे किंवा ताजी भाजी-फळे अडवली जातात. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते. लपवलेल्या वस्तूवर दंड होतो. रोजच्या गोळ्या मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्याव्यात. जुना आजार विम्यात धरला आहे की नाही, हे पॉलिसी घेतानाच वाचावे.

तिकडची माणसे इकडे येतात तेव्हा नियम उलटे लागतात. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नसल्याने परदेशी नागरिकत्व घेतलेल्याला आपल्या गावी यायलाही व्हिसा लागतो. पात्र असल्यास त्याला ओसीआय कार्ड काढता येते आणि मग दर वेळच्या व्हिसाची गरज उरत नाही. अलिबाग तालुक्यातल्या खंडाळ्याच्या एलियाहू हनाबी या ज्यू संदेष्ट्याच्या स्थानाला आणि पूर्वजांच्या कबरींना भेट द्यायला येणारी इस्रायली मराठी कुटुंबे याच दोन मार्गांनी येतात.

मुदतीत परतलेल्या पाहुण्याचा पुढचा अर्ज सोपा होतो. एप्रिल २०२४ पासून भारतीयांना, गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नियमाने वापरलेले असतील, तर दोन वर्षांचा अनेक-प्रवेशी व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरत असेल तर पाच वर्षांचा. इतर देशही आधीच्या प्रवासाची नोंद पाहतात. म्हणून संपलेला पासपोर्ट टाकून देऊ नये; त्यावरचे जुने व्हिसा आणि येण्याजाण्याचे शिक्के हा, पाहुणा वेळेवर घरी परततो याचा कोणत्याही हमीपत्राहून बळकट पुरावा असतो.